कॉलेजचा कोच: शिकागो ते अमरावती

तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या पोराला किंवा पोरीला कॉलेजात कोच व्हायचं असेल, तर जवळची वाट अमरावतीला जाते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं जर्मनीत कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखवले. वऱ्हाडात खेळ शिकवणं हा पेशा ठरला, तो इथून.

अमेरिकेत हा पेशा फार मोठा झाला आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये अंडाकृती चेंडू हातात धरून धडका देत पुढे जायचं असतं. अनेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल कोच. सलग दोन हंगाम वाईट गेले, की त्याची खुर्ची हलते. पण सुरुवात अशी नव्हती. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठानं एमोस अलोन्झो स्टॅगला कोच म्हणून घेतलं, ते प्राध्यापकाच्या दर्जावर. त्यामुळे एका पराभवानं त्याची नोकरी जाणार नव्हती. तो तिथे ४१ हंगाम टिकला. सत्तरीत त्याला निवृत्त केलं, तर कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या कॉलेजात जाऊन त्यानं १९४६ पर्यंत पुन्हा संघ घडवले.

आपल्याकडचे कॉलेजांतले क्रीडा संचालक कागदोपत्री स्टॅगच्याच जागी बसतात: प्राध्यापकाची वेतनश्रेणी, कायम नोकरी. त्यासाठी शारीरिक शिक्षणात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, शिवाय धावण्याची चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रीला ८ मिनिटांत १००० मीटर. ही अट मला फार आवडते. खटकतं ते नेमणुकीनंतरचं. प्रवेश समिती, नॅक मूल्यांकनाच्या फायली, परीक्षेची ड्युटी यांत मैदानाची वेळ जाते आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावर संघ घाईनं जुळवला जातो. पाच जिल्ह्यांच्या अमरावती विद्यापीठात कलरकोट, म्हणजे विद्यापीठाच्या संघातली जागा, मिळवायला वर्षभराचा सराव लागतो. तो घेणारा माणूस सकाळ-संध्याकाळ मैदानावरच हवा.

एकाच खेळात मुरायचं असेल, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. ही संस्था १९६१ पासून कोच घडवते. शिक्षकी मार्ग धरायचा, तर दोन वर्षांचं बी.पी.एड. त्याच्या सीईटीला लेखी पेपरसोबत मैदानी चाचणीही असते, म्हणून तयारी पुस्तकाआधी पायांनी सुरू करावी.