बिनतारी छिद्रयंत्र : घरातील वापर आणि दक्षता

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएट रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यातील रूळ देशभर लोहमार्गांसाठी वापरले जातात. दोन रूळ बोल्टांनी जोडावयाचे असल्यास त्यांच्या टोकांजवळ भोके पाडावी लागतात. छिद्र पाडण्याची कला पोलादाच्या या नगरीस अर्थातच परकी नाही. परंतु कारखान्यात चष्मा व शिरस्त्राण घातल्यावाचून यंत्रास हात न लावणारा कामगार सुटीच्या दिवशी घरात एखादी फळी बसवू लागला, म्हणजे डुगडुगत्या स्टुलावर अनवाणी उभा राहतो. यंत्र लहान असते, त्याला तार नसते. म्हणून त्यात धोकाही नाही असे त्यास वाटते. ही समजूत कितपत खरी आहे?

गिरमिटापासून घटमालेपर्यंत

सुताराचे गिरमिट मनगटाच्या बळावर फिरते. १८९५ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथील फाइन कारखान्याने हातात धरता येणारे विद्युत् छिद्रयंत्र तयार केले. पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबावयाचा घोडा असलेल्या यंत्राचे एकस्व अमेरिकेतील ब्लॅक आणि डेकर यांना १९१७ मध्ये मिळाले, आणि त्यांच्याच कंपनीने १९६१ मध्ये घटमालेवर चालणारे बिनतारी यंत्र बाजारात आणले. हे यंत्र चंद्रमोहिमेसाठी निर्माण झाले असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. ते त्यापूर्वीच अस्तित्वात आले होते.

आजच्या यंत्रांत बहुधा लिथियम-आयन घट असतात. अशा एका घटाचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट असतो. पाच घट ओळीने जोडले म्हणजे १८ व्होल्ट मिळतात. एवढ्या दाबाने सामान्यतः मनुष्यास विजेचा धक्का बसत नाही. मग भय कशाचे?

पिळाचा जोर

पहिले भय यंत्राच्या जोराचे होय. मोटार टोच्याला एका दिशेने फिरविते, त्याच वेळी टोचा यंत्राला उलट दिशेने फिरवू पाहतो. छिद्र नीट पडत असते तोवर हा प्रतिकार हाताला फारसा जाणवत नाही. पण पत्र्यातून आरपार जाताना टोचा अडकला, की सारा पीळ मनगटावर येतो. घरगुती यंत्राचा जोर ३० न्यूटन-मीटर धरला आणि मूठ अक्षापासून १५ सेंटिमीटरांवर असली, तर हाताला २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतका हिसका बसतो. १९७१ साली अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी घटमालेवर चालणाऱ्या यंत्राने चंद्रभूमीत छिद्रे पाडली, तेव्हा एक छिद्रदंड जमिनीत घट्ट रुतून बसला. तो उपसताना स्कॉट आणि अर्विन या दोघांनाही शिकस्त करावी लागली.

म्हणून पत्रा किंवा फळी हातात न धरता व्हाइसमध्ये अथवा सी-क्लॅम्पने आवळावी. दोन्ही पाय जमिनीवर अथवा भक्कम शिडीवर रोवावेत. छिद्र आरपार पडण्याच्या बेतास आले की दाब कमी करावा. टोचा जाड असेल तितका वेग कमी ठेवावा : ३ मिलिमीटरचा टोचा मिनिटाला १,३०० फेरे घेतो तेव्हा त्याच्या कडेचा जो वेग असतो, तोच १० मिलिमीटरच्या टोच्यास सुमारे ४०० फेऱ्यांत मिळतो. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि सुती हातमोजे फिरत्या टोच्याभोवती क्षणात गुंडाळले जातात. ती दूरच असावीत. टोचा बदलण्यापूर्वी घटमाला काढून ठेवावी.

तार भिंतीत असते

दुसरे भय अधिक गंभीर आहे. यंत्राला तार नसली तरी भिंतीत ती असते, आणि तीत २३० व्होल्टचा प्रवाह खेळत असतो. जुन्या घरांत तारा लाकडी पट्ट्यांवरून भिंतीच्या बाहेर दिसत. नव्या घरांत त्या गिलाव्याखालील नळ्यांतून जातात. लोखंडी टोचा अशा तारेस लागला तर यंत्राच्या धातूच्या भागातून प्रवाह हातापर्यंत पोहोचू शकतो. या नळ्या सामान्यतः स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत नेलेल्या असतात. त्या रेषांवर छिद्र पाडू नये. न्हाणीघर व स्वयंपाकघर यांच्या भिंतींत पाण्याचे नळही असतात, हे ध्यानात घ्यावे.

बिनतारी यंत्राचा खरा लाभ येथेच दिसतो : घराची मेन बंद केली तरी ते चालते. दिवसाच्या उजेडात मेन बंद करावी. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, कारण मेन बंद होताच तो तारांत पुन्हा प्रवाह सोडतो. नंतर पाणसळीने रेघ आखून जागेवर खूण करावी, ठोका देणारे यंत्र व कार्बाइडचे टोक असलेला टोचा घ्यावा, आणि छिद्रात गिट्टी ठोकून स्क्रू आवळावा. विटा व काँक्रीट यांच्या धुळीतील सूक्ष्म वाळू फुप्फुसांस अपायकारक असते. नाकावर मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.

उन्हाळ्यातील घटमाला

छत्तीसगडात मे महिन्यात सावलीतही पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. लिथियम घटांना अति उष्णता मानवत नाही. घटमाला गच्चीवर अथवा उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत विसरू नये. कामाने तापलेली घटमाला थंड होऊ द्यावी आणि मगच तिच्याच चार्जरवर, कोणी जवळ असताना, भारित करावी. फुगलेली किंवा आपटून फुटलेली घटमाला पुन्हा वापरू नये.

भिंतीवर फळी चढविण्यास दहा मिनिटे पुरतात. खूण करणे, मेन बंद करणे आणि चष्मा घालणे यांस आणखी पाच लागतात. कारखान्याच्या दारात पाळला जाणारा नियम घराच्या दारातही पाळला गेला, तर ही पाच मिनिटे कोणासही जड वाटणार नाहीत.