अविश्वास कशाला म्हणावे?

थोरला भाऊ कांदा विकून बाजारातून घरी येतो. धाकटा सहज विचारतो, "दादा, आडत्याची पट्टी कुठं आहे?" थोरल्याचा चेहरा उतरतो. "म्हणजे तुझा माझ्यावर अविश्वास?" झाले! एका शब्दापायी वेगळी चूल मांडण्याची भाषा सुरू होते.

खरे म्हणजे धाकट्याने विचारली ती शंका. शंका म्हणजे प्रश्न. उत्तर मिळाले की ती फिटते. संशय ही पुढची पायरी. मनात पाल चुकचुकते. माणूस तोंडाने विचारत नाही, नुसती पाळत ठेवतो. अविश्वास ही शेवटची पायरी. तिथे पट्टी दाखवली तरी ती खोटीच वाटते.

संस्कृतात 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे. त्यावरूनच 'विश्वास' आला. ज्याच्याजवळ निर्धास्त श्वास घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास. तो गेला की आपल्याच घरात जीव कोंडतो.

आपण 'बेभरवशाचा पाऊस' म्हणतो, पावसावर अविश्वास दाखवत नाही. पावसाची नियत काय पाहायची? 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' झाला, तरी म्हशीने दगा दिलेला नसतो. आपला अंदाज चुकलेला असतो. आणखी एक फरक ध्यानात ठेवा. माणूस अविश्वासू असतो, बातमी अविश्वसनीय असते. १४ जानेवारी १७६१ रोजी पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडले, म्हणून 'विश्वास पानिपतात गेला' असे लोक आजही म्हणतात.

राज्यकारभारात हा शब्द उघडपणे वापरतात. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडून तो फेटाळला गेला. गावात सरपंचावरही असा ठराव येतो. पण तिथे आधी चर्चा होते, दुसरी बाजू ऐकली जाते, मग मते मोजतात.

घरात मते मोजायला कोणी बसत नाही. म्हणून हा शब्द घरात जपून वापरावा. थोरल्यांनी पट्टी मागण्याआधीच पुढे ठेवावी. धाकट्यांनी शंका मनात न ठेवता वेळीच विचारावी. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. चोख हिशेबानेच विश्वास टिकतो.