राईनपाडा आणि आपल्या हातातील चित्रफीत

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ‘मुले पळविणारी टोळी’ समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही जण निरपराध होते.

अशा टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. देशभर पसरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. मोटारसायकलवरील माणसे मूल उचलतात, परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. तो शेवट कोणीतरी कापला. उरले केवळ अपहरण. काही सेकंदांची चित्रफीत मागचेपुढचे विचारण्यास सवडच देत नाही.

जैन शास्त्रांनी हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत. अफवा पुढे पाठविणारा राईनपाड्यास गेला नव्हता, त्याने काठीही उचलली नव्हती. परंतु तिसऱ्या प्रकारातून त्याची सुटका कशी व्हावी? सही पारखल्याखेरीज हुंडी न सकारणाऱ्या पेढ्यांची आपली परंपरा. अनोळखी चित्रफीत मात्र आपण क्षणात सकारतो. (क्षमापनेचे संदेशही आता बहुधा न वाचताच पुढे जातात.)

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. एका गटात तेव्हा २५६ सदस्य मावत. पाच गट म्हणजे १,२८० माणसे!

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. भारतीयांची माहिती परदेशी सर्व्हरवर जाते, हे त्यामागील एक प्रमुख कारण. ती चिंता रास्तच होती. पण जुलैत इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स आले, आणि बोट पूर्ववत सरकू लागले. माहिती कोणाकडे जाते, एवढाच प्रश्न बंदीने हाताळला. काय दाखवावे आणि काय पुढे पाठवावे, हा घरातलाच राहिला.

जळगावच्या सराफ बाजारापासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत दुकानांच्या रील्स निघतात. धंद्यास त्यांचा उपयोग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गल्ला, तिजोरीची जागा, दुकान वाढविण्याची वेळ, गणवेशातील नातवंड, हे सारे त्यात आपणच दाखवितो. त्यासाठी परदेशी हेराची गरज पडत नाही. पुढची रील काढताना निदान तिजोरीची भिंत आणि शाळेचे नाव चौकटीबाहेर ठेवावे.