आमच्या आयुष्यातील काही आठवणी

'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांनी लिहिलेले आठवणींचे पुस्तक आहे. ते १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने सांगितलेली ही सहजीवनाची हकिकत असून पुस्तकाला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या आत्मपर ग्रंथांमध्ये या पुस्तकाची गणना होते.

पतीचे घरगुती जीवन वाचकांसमोर ठेवणे हा पुस्तकाचा उघड हेतू आहे. प्रत्यक्षात मात्र त्यात लेखिकेचे स्वतःचे शिक्षण, एकत्र कुटुंबात तिने सोसलेला विरोध आणि तिची धर्मनिष्ठा यांचीही नोंद झाली आहे. निवेदन रानडे यांच्या मृत्यूपाशी संपते. त्यानंतरच्या तेवीस वर्षांत रमाबाईंनी पुण्यात केलेल्या सेवाकार्याला त्यात स्थान नाही.

## लेखिका

रमाबाईंचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरात मुलींना लिहिणे-वाचणे शिकवीत नसत. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे असून पुण्यात न्यायखात्यात अधिकारी होते. त्यांच्या पहिल्या पत्नीचे त्याच वर्षी निधन झाले होते.

हा विवाह त्या काळी टीकेचा विषय ठरला. विधवाविवाहाच्या चळवळीत पुढाकार घेणाऱ्या रानडे यांनी स्वतः विधवेशी विवाह करावा, अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती. वडील गोविंदराव यांच्या आग्रहापुढे रानडे यांनी मान तुकवली. रमाबाईंनी हा प्रसंग पुस्तकात टाळलेला नाही. ज्या विवाहाने पतीला लोकनिंदा सोसावी लागली, त्याच विवाहातील वधूने तो प्रसंग सांगितला असल्यामुळे त्या भागाला वेगळे महत्त्व आहे.

## आशय

पुस्तकाच्या आरंभी रानडे घराण्याची माहिती आणि महादेवरावांच्या बालपणीच्या हकिकती येतात. त्यानंतर १८७३ ते १९०१ या सत्तावीस वर्षांच्या संसाराचा वृत्तान्त सर्वसाधारणपणे कालक्रमाने सांगितला आहे. रानडे यांची राजकीय व आर्थिक विषयांवरील मते किंवा त्यांचे न्यायालयीन काम यांची चर्चा पुस्तकात फारशी नाही. घरातील रानडे, त्यांचा दिनक्रम, प्रवास, आजारपणे आणि माणसांशी वागण्याची पद्धत हा त्याचा मुख्य विषय आहे.

### शिक्षण आणि घरातील विरोध

विवाहानंतर लगेचच रानडे यांनी पत्नीला अक्षरओळख करून देण्यास सुरुवात केली. पुढे मराठी वाचन-लेखन पक्के झाल्यावर इंग्रजीचे शिक्षण सुरू झाले. सासर हे मोठे एकत्र कुटुंब होते. सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे शिकणे मान्य नव्हते. दिवसा घरकाम आणि सोवळेओवळे सांभाळावे, बायकांचे टोमणे निमूटपणे ऐकावेत आणि रात्री पतीजवळ बसून धडे घ्यावेत, असा रमाबाईंचा क्रम अनेक वर्षे चालला.

घरातील वादात रानडे वडीलधाऱ्यांना फारसे बोलत नसत. सहन करण्याचा आणि उलट उत्तर न देण्याचा सल्ला ते पत्नीला देत. सुधारणेचा आग्रह पतीचा आणि तिची झळ पत्नीला, असे या घरातील चित्र होते. लेखिका त्याबद्दल तक्रार करीत नाही. मात्र प्रसंगांचे तपशील ती इतक्या नेमकेपणाने देते की वाचकाला ही विभागणी लक्षात येते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांच्या पुढाकाराने आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच्या सभांना जाण्यामुळे घरातील विरोध अधिक तीव्र झाला. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हीच शाळा पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाली. या शाळेसाठी झालेल्या प्रयत्नांच्या वेळी रमाबाईंनी गव्हर्नरांच्या उपस्थितीत इंग्रजीतून भाषण वाचले. सभेत झालेले कौतुक आणि घरी परतल्यावर ऐकावी लागलेली बोलणी यांचे वर्णन हा पुस्तकातील नेहमी उल्लेखिला जाणारा भाग आहे.

### बदल्या आणि प्रवास

१८७८ साली रानडे यांची बदली नाशिकला आणि पुढच्या वर्षी धुळ्याला झाली. १८७९ हे वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे वर्ष होते. पुण्यातील पुढाऱ्यांविषयी सरकारच्या मनात संशय होता आणि धुळ्यातील वास्तव्यात रानडे यांच्या पत्रव्यवहारावर नजर ठेवली जात होती. राजकीय इतिहासातील ही घटना पुस्तकात एका तरुण गृहिणीच्या नजरेतून दिसते. पुण्यातील मोठ्या घरापासून दूर असल्यामुळे या बदल्यांच्या काळात रमाबाईंना शिकण्यासाठी आणि लोकांत मिसळण्यासाठी अधिक मोकळीक मिळाली.

१८८६ साली सरकारी समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्याला गेले. तेथे त्यांनी बंगाली भाषा शिकण्यास सुरुवात केली. दाढी करण्यासाठी आलेल्या न्हाव्यालाही ते बंगाली शब्दांचे अर्थ व उच्चार विचारीत. रमाबाईंनी याबद्दल थट्टा केली, तेव्हा दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केल्याचे उदाहरण त्यांनी दिले. पुस्तकातील रानडे यांचे स्वभावचित्र अशा लहान प्रसंगांतून तयार होते.

### पंचहौद चहा प्रकरण

१८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात उपस्थितांना चहा देण्यात आला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतल्याचा आरोप ठेवून सनातनी मंडळींनी हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. उपस्थितांमध्ये रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेही होते. १८९२ साली रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे सुधारकांमध्ये मोठी नाराजी पसरली.

रमाबाईंनी या प्रकरणाची घरातील बाजू सांगितली आहे. प्रायश्चित्ताच्या निर्णयाने त्यांना स्वतःलाही दुःख झाले होते. आपल्यामुळे मित्रांच्या कुटुंबांची कोंडी होऊ नये, या विचाराने पतीने हा कमीपणा पत्करला, असे त्यांचे सांगणे आहे. पतीच्या निर्णयामागील भावना आणि त्या निर्णयाबद्दलची पत्नीची अस्वस्थता या दोन्ही गोष्टी येथे नोंदलेल्या असल्याने पुस्तक केवळ गौरवपर राहत नाही.

### अखेरचे दिवस

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईस राहू लागले. पुस्तकाच्या शेवटच्या भागात रानडे यांचे हृदयविकाराचे आजारपण आणि १६ जानेवारी १९०१ रोजी झालेला त्यांचा मृत्यू यांचे वर्णन आहे.

## धर्मजीवनाचे चित्रण

रानडे हे प्रार्थना समाजाचे प्रमुख विचारवंत होते. हा समाज १८६७ साली मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात सुरू झाला. एकेश्वरी उपासना हे त्याचे मुख्य तत्त्व होते आणि त्याच्या उपासनेत तुकाराम व इतर संतांच्या अभंगांना मोठे स्थान होते. सभेतील या विचारांचे घरातील रूप रमाबाईंच्या आठवणींत आढळते. पहाटे उठून अभंग म्हणणारे आणि ते म्हणताना भावनेने भरून येणारे रानडे त्यात दिसतात.

रमाबाईंची स्वतःची श्रद्धा पारंपरिक घरातील संस्कारांतून आलेली होती. व्रते, कुळाचार आणि पुराणश्रवण यांच्या वातावरणात त्या वाढल्या होत्या. पतीची इच्छा हाच आपला धर्म, अशी भूमिका त्या वारंवार मांडतात. आधुनिक वाचकाला ही भूमिका खटकू शकते. परंतु याच निष्ठेच्या आधारे त्या घरातील स्त्रियांच्या इच्छेविरुद्ध शिकल्या, सभांना गेल्या आणि लोकांसमोर बोलल्या. पतिव्रताधर्म आणि स्त्रीशिक्षण हे त्या काळच्या वादांत परस्परविरोधी मानले जात; रमाबाईंच्या आयुष्यात मात्र पहिल्याने दुसऱ्याला आधार दिला.

## भाषा आणि निवेदन

पुस्तकाची भाषा घरगुती आणि संवादप्रधान आहे. सासूसुनांचे बोलणे, पतिपत्नींमधील थट्टा आणि नोकरमाणसांशी होणारे व्यवहार त्या काळच्या पुणेरी बोलीच्या वळणाने येतात.

पतीचे नाव उच्चारू नये, या रूढीनुसार लेखिका रानडे यांचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने करते. एरवी बोलणाऱ्याचा आपलेपणा दर्शवणारा हा शब्द येथे सर्वत्र पतीसाठी वापरला गेला आहे. पुस्तकाच्या शीर्षकात 'माझ्या' ऐवजी 'आमच्या' हा शब्द आहे, हेही त्याच वृत्तीशी जुळणारे आहे.

## पुस्तकानंतरचे आयुष्य

पतीच्या निधनानंतर रमाबाई पुण्यास परतल्या आणि काही काळ लोकांपासून अलिप्त राहिल्या. त्यानंतर त्यांनी येरवडा कारागृहातील स्त्री कैद्यांना भेटून त्यांची विचारपूस करण्याचे काम सुरू केले. रुग्णालयातील रुग्णांनाही त्या भेटत. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या प्रयत्नाने मुंबईत सेवासदन ही संस्था निघाली. रमाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढच्या वर्षी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातील त्यांचे प्रमुख सहकारी होते. आरंभीचे वर्ग रानडे यांच्या पुण्यातील घरातच भरत. विधवा, परित्यक्ता आणि गरजू स्त्रियांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम, शिक्षिकेचे काम आणि रुग्णसेवा यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. उच्चवर्णीय कुटुंबांत शुश्रूषेचे काम कमी प्रतीचे मानले जात असल्याने परिचारिका होण्यास स्त्रियांना तयार करणे विशेष कठीण होते. ससून रुग्णालयाच्या साहाय्याने संस्थेने हे शिक्षण चालवले.

आळंदीच्या यात्रेत रमाबाई सेवासदनाच्या स्वयंसेविकांसह वारकऱ्यांच्या सेवेसाठी जात. अभंगांचा संस्कार झालेल्या या घराण्याच्या भक्तीला येथे सार्वजनिक सेवेचे रूप मिळाले. १९२० साली पुण्यात मुलींसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करणाऱ्या चळवळीत आणि त्यानंतर मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या अग्रभागी होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा पुणे सेवासदनाला जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यानंतरच्या चौदा वर्षांत रमाबाईंनी आपल्या या कार्याविषयी असे दुसरे पुस्तक लिहिले नाही. ज्या स्त्रीने पतीच्या दिनक्रमातील बारीकसारीक गोष्टी जपून ठेवल्या, तिच्या स्वतःच्या सेवाकार्याची माहिती त्यामुळे मुख्यतः संस्थेच्या कागदपत्रांतून आणि इतरांच्या लेखनातून मिळवावी लागते.

## अनुवाद आणि रूपांतर

अमेरिकन लेखिका कॅथरीन गेट्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३८ साली 'हिमसेल्फ' या नावाने प्रसिद्ध झाला. मूळ पुस्तकातील 'स्वतः' या संबोधनावरून हे शीर्षक घेतलेले आहे. कुसुमावती देशपांडे यांनी केलेला दुसरा इंग्रजी अनुवाद १९६३ साली प्रकाशित झाला. १५ ऑगस्ट १९६२ रोजी भारतीय टपाल खात्याने रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले. झी मराठी वाहिनीवर २०१२ साली सुरू झालेली 'उंच माझा झोका' ही मालिका रमाबाईंच्या जीवनावर आधारित होती.

## मराठी साहित्यातील स्थान

सुधारक कुटुंबांतील स्त्रियांच्या आत्मपर लेखनाची जी परंपरा विसाव्या शतकात मराठीत निर्माण झाली, तिच्या आरंभी हे पुस्तक येते. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८), लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) ही या परंपरेतील पुढची पुस्तके होत. या लेखिकांनी आपल्या आयुष्याची कहाणी अधिक मोकळेपणाने सांगितली. रमाबाईंच्या पुस्तकात लेखिका पतीच्या आड उभी आहे. तरीही सुधारणेच्या चळवळीने घराच्या आत कोणाकडून काय मागितले, याचा पुरावा म्हणून सामाजिक इतिहासाचे अभ्यासक या पुस्तकाकडे पाहतात.