माटुंग्याचं विद्यापीठ जालन्याच्या मुक्कामी

मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा प्रश्न आधी राहण्या-जेवणाचा असतो. कोणता विषय, कोणतं कॉलेज हे नंतर येतं. पोरगं राहणार कुठे आणि खाणार काय, हे घरात आधी विचारलं जातं. जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे मुंबईच्या आयसीटीचं, मराठवाडा संकुल २०१८ साली सुरू झालं. ते समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

निजामाच्या राज्यात १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. शिकवण्याची भाषा उर्दू. औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज झालं, पण पदवी हवी तर मराठी घरातल्या मुलाला हैदराबादचं वसतिगृह गाठावं लागे. १९३८च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या मुलांना ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. मुलं बधली नाहीत. शेकडोंना काढून टाकलं गेलं आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतलं. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या मुलांपैकीच एक. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हे आंदोलन मानाने नोंदलं गेलं आहे. ते उभं राहिलं वसतिगृहांच्या खोल्यांमधून, हे मात्र आपण फारसं ध्यानात घेत नाही. वेगवेगळ्या गावची, जातींची पोरं रात्री एका छपराखाली बोलू लागतात, तेव्हा पाठ्यपुस्तकाबाहेरचं शिक्षण सुरू होतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पक्कं ओळखलं होतं. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. तिथे वर्गांइतकंच महत्त्व वसतिगृहांना होतं. मराठवाड्यातल्या दलित मुलांच्या एका अख्ख्या पिढीला शिकता आलं, लिहिता आलं, ते या मुक्कामामुळे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं.

तंत्रशिक्षणासाठी मात्र जालन्याचं पोर पुण्या-मुंबईकडेच बघत राहिलं. मुंबई विद्यापीठ १८५७चं. त्याचा रसायन तंत्रज्ञान विभाग, सगळ्यांच्या तोंडी असलेलं यूडीसीटी, १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. सुरुवातीला रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन हे दोनच अभ्यासक्रम होते. मुंबईच्या कापडगिरण्यांना रंगकाम जाणणारी माणसं हवी होती, विभाग त्या गरजेतून जन्मला. पुढे तो माटुंग्याला स्थिरावला. के. वेंकटरामन यांच्यासारखे रंगरसायनाचे नामांकित संशोधक त्याचे प्रमुख झाले. मनमोहन शर्मा जोधपूरहून इथे शिकायला आले, केंब्रिजला जाऊन इथेच प्राध्यापक म्हणून परतले आणि १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.  आंध्रातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी इथूनच शिकून गेला आणि १९८४ साली त्याने डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज उभी केली. या विभागाचीच पुढे आयसीटी झाली आणि २००८ साली ही संस्था मुंबई विद्यापीठातून बाहेर पडून स्वतः अभिमत विद्यापीठ झाली. त्यानंतर दहा वर्षांनी तिची शाखा जालन्यात आली.

सुरुवात औरंगाबाद रस्त्यावरच्या वाढीव औद्योगिक वसाहतीतून, बायोटेक्नॉलॉजी पार्कमधून झाली. कायमच्या संकुलासाठी सिरसवाडी शिवारात दोनशे एकरांच्या वर जमीन मिळाली. अभ्यासक्रम आखला तो पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक.चा: बारावीनंतर प्रवेश आणि थेट पदव्युत्तर पदवी. वर्षाची तीन सत्रं, आणि त्यांतली काही प्रत्यक्ष कारखान्यात काढायची. मला या रचनेत सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. परीक्षेपुरतं शिकलेलं अठराव्या वर्षीचं पोर कारखान्यात पाळी करून खोलीवर येतं आणि शेजारच्या खोलीतल्याला विचारतं, ‘तुमच्याकडे बॉयलरच्या पाण्याचं काय करतात?’ हा प्रश्न वर्गात पडत नाही.

या प्रश्नांसाठी जालन्यासारखं गाव शोधून सापडायचं नाही. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापारावरून आली, आज तो पाळणा बियाण्यांवर आणि लोखंडावर हलतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कपाशीचं बियाणं तयार होताना जवळून बघावं. जिनिंगमधून आलेल्या सरकीवर बारीक लव चिकटलेली असते, त्यामुळे दाणे एकमेकांना धरून राहतात. तिच्यावर तीव्र गंधकाम्ल टाकून ढवळतात. काही मिनिटांत लव जळून काळा, गुळगुळीत दाणा मोकळा होतो. मग पाण्याचे धुवे, चुन्याच्या निवळीने आम्ल मारणं, पुन्हा पाणी. पोचट दाणे वर तरंगतात, भरीव तळाशी बसतात. आम्ल किती, वेळ किती, धुण्याचं पाणी कुठे जातं, ते पुन्हा वापरता येईल का? हे सगळे रासायनिक अभियंत्याचे प्रश्न आहेत, आणि तेही अशा जिल्ह्यात जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत.

भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांची मळी, मोसंबीचा रस काढल्यावर उरणारी साल, तिच्यातलं तेल आणि पेक्टिन: विषयांची इथे कमतरता नाही. मुंबईला गिरण्या होत्या म्हणून यूडीसीटी झालं. जालन्याच्या संकुलानेही आपले विषय जालन्यातूनच उचलावेत, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर निवासी संकुलाला एक धोका असतोच. कुंपणाच्या आत मेस, खोली, प्रयोगशाळा सगळं मिळतं आणि पाच वर्षं गावाची ओळख न होताच निघून जातात. अशी मुलं हुशार निघतील, मोठ्या पगारावर जातील, पण जालन्याला त्यांचा उपयोग रेल्वे स्टेशनवरच्या रिक्षावाल्यापुरताच राहील.

म्हणून मागणं दोघांकडे आहे. कारखानदारांनी या मुलांना प्रमाणपत्रापुरतं न बोलावता आपली अडचण त्यांच्यापुढे मांडावी, सांडपाण्याची टाकीसुद्धा उघडून दाखवावी. आणि भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठ्याच्या शाळांमधल्या शिक्षकांनी आठवी-नववीची मुलं-मुली एकदा या संकुलात घेऊन जावीत. रासायनिक अभियांत्रिकी म्हणजे काय, ते शिकायला आता मुंबई गाठावी लागत नाही आणि राहायची सोय आपल्याच जिल्ह्यात आहे, हे मुलीच्या आई-वडिलांना दहावीच्या आधी कळायला हवं. बारावीनंतर कळून उपयोग नाही.