वेल्समधील पॅराग्लायडिंग : वारा, कगार आणि गायरान

पॅराग्लायडिंग हा उड्डाणाचा प्रकार असला, तरी त्याचा विचार आकाशापासून न करता भूमीपासून सुरू करणे अधिक युक्त ठरते. इंजिन नसलेला, घडी करून पाठीवर वाहून नेता येणारा हा कापडी पंख स्वतःच्या बळावर केवळ खाली उतरू शकतो. वर चढण्यास लागणारी शक्ती त्याला वाऱ्याकडून, आणि त्या वाऱ्याला अडविणाऱ्या डोंगराकडून, उसनी घ्यावी लागते. यास्तव अमुक दिवशी कोठे उडावयाचे हा प्रश्न मुळात भूरूपाचा आणि हवामानाचा प्रश्न होय. दक्षिण वेल्समध्ये तो विशेष रीतीने उभा राहतो. महाराष्ट्रात कामशेतच्या परिसरात पावसाळा सरल्यावर उड्डाणे सुरू होतात आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत चालतात. वेल्समध्ये असा ठरलेला हंगाम नाही. तेथे निर्णय रोजचा रोज, समभाररेषांचा नकाशा पाहून करावा लागतो, आणि एका दिवसाची ही सहल सकाळी मोटार कोणत्या दिशेने न्यावयाची येथपासूनच सुरू होते.

साधनाविषयी थोडक्यात सांगितले म्हणजे पुरे. समोरून शिरणाऱ्या हवेने फुगणाऱ्या कप्प्यांचा पंख १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डॉमिना जॅलबर्ट यांनी सिद्ध केला. पुढे १९७८ मध्ये फ्रान्समधील मियूसी येथे काही हवाई छत्रीधारकांनी विमानातून उडी घेण्याऐवजी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले, आणि खेळाला आजचे रूप येऊ लागले. आजच्या सर्वसाधारण पंखाचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर असतो, आणि स्थिर हवेत तो दर सेकंदास कमीत कमी एक मीटरहून किंचित अधिक खाली येतो. या दोन आकड्यांत वेल्समधील उड्डाणाचे बहुतेक सर्व मर्म सामावलेले आहे.

गॉवर द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकावरील रोसिली डाउन ही टेकडी १९३ मीटर उंच आहे. वारा पडलेला असताना तिच्या माथ्यावरून झेप घेणारा मनुष्य सुमारे तीन मिनिटांत खालच्या पुळणीवर उतरतो. परंतु समुद्रावरून ताशी २० किलोमीटर वेगाचा, म्हणजे सेकंदास साडेपाच मीटरांचा, वारा येत असेल आणि तो २० अंशांच्या उतारास अनुसरून वर चढत असेल, तर त्या हवेचा ऊर्ध्व वेग सेकंदास सुमारे १.९ मीटर भरतो. पंख १.१ मीटरने खाली येत असला, तरी त्याच्याभोवतीची हवा त्याहून अधिक वेगाने वर जात असते. सबब तो चढतो, आणि वारा टिकेल तोवर तासन्‌तास टेकडीच्या कडेकडेने ये-जा करू शकतो. हाच वारा १० अंशांच्या उतारावर आला तर ऊर्ध्व वेग एका मीटराच्या आत राहतो, आणि उड्डाण पुन्हा उतरणीचेच होते. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्ष प्रवाह उतारास तंतोतंत चिकटून वाहत नाही. तथापि मंद उताराचा मोठा पर्वत निरुपयोगी आणि उभ्या उताराची लहान टेकडी उपयोगी का ठरते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

आता दक्षिण वेल्सच्या भूरचनेकडे वळता येईल. बानाय ब्रखेनिओग, म्हणजेच ब्रेकन बीकन्स, ही पर्वतराजी मुख्यतः जुन्या तांबड्या वालुकाश्माची आहे. तिचे थर दक्षिणेकडे हळूहळू कललेले असल्यामुळे दक्षिणेस लांबट, मंद उतार आणि उत्तरेस तुटलेले कगार अशी तिची ठेवण झाली आहे. हिमयुगात हिमगव्हरांनी हे उत्तराभिमुख कगार आणखी कोरून काढले. ८८६ मीटर उंचीच्या पेन-अ-व्हान या दक्षिण वेल्समधील सर्वोच्च शिखराची उत्तर बाजू याच कारणाने इतकी भव्य दिसते. पण ब्रिटनमध्ये सर्वाधिक वाहणारा वारा नैर्ऋत्येचा आहे. तो येथे मंद उतारावरून चढतो, कगाराच्या माथ्यावर पोहोचतो आणि पलीकडे कोसळतो. निसर्गाने उड्डाणासाठीच घडविला असावा असा वाटणारा हा कडा वर्षातील सर्वांत नेहमीच्या वाऱ्यात वातविमुख बाजूस पडतो; या विसंगतीकडे केवळ छायाचित्रे पाहून डोंगर निवडणाऱ्या नवख्याचे लक्ष जात नाही.

वातविमुख बाजू ही केवळ निरुपयोगी नव्हे, तर घातक असते. माथा ओलांडलेली हवा तेथे भोवऱ्यांच्या रूपाने खाली येते. पॅराग्लायडरच्या पंखाला सांगाडा नाही. आतील हवेच्या दाबानेच त्याचा आकार टिकतो, आणि अशा भोवऱ्यात तो क्षणार्धात मिटू शकतो. जमीन जवळ असेल तर तो पुन्हा फुलण्यास अवधी मिळत नाही. माथ्यावर वारा दाटून त्याचा वेगही वाढतो. पायथ्याशी ताशी २० किलोमीटर वाटणारा वारा वर ३० किंवा त्याहून अधिक असू शकतो. ३७ च्या वेगाने पुढे जाणाऱ्या पंखाला ३० च्या वाऱ्यात जमिनीच्या संदर्भात केवळ ७ चा वेग उरतो. वारा ३७ वर गेला की तो जागीच थांबतो, आणि त्यापुढे मागे, म्हणजे त्याच भोवऱ्यांच्या प्रदेशात, रेटला जातो. वेग वाढविण्याची पायपट्टी असते खरी, परंतु तिच्यावर भिस्त ठेवून उड्डाण करणे म्हणजे राखीव धान्य पेरणीपूर्वीच खाण्यासारखे आहे. डोंगरावर चढून, दोन तास बसून, पंख न उघडता परत उतरलेल्या लोकांचे दिवस वाया गेले असे मानण्याचे कारण नाही.

पश्चिमेच्या वाऱ्यात मग किनारा उपयोगी पडतो. रोसिलीचा उतार थेट पश्चिमेस तोंड करून उभा आहे, आणि त्याच्यापुढे सुमारे ५ किलोमीटर लांबीची पुळण व मोकळा समुद्र यांखेरीज वाऱ्यास अडथळा नाही. समुद्राचा पृष्ठभाग सपाट व बराचसा समान तापमानाचा असल्यामुळे त्यावरून येणारी हवा संथ व एकसारखी असते. डोंगराळ भागातील धक्के येथे फारसे जाणवत नाहीत. उणीव एवढीच की, टेकडीच्या वर काही उंचीपर्यंतच ही चढती हवा मिळते. दूरचा प्रवास तिच्या आधाराने होत नाही. उतरण्याच्या जागेचा विचार मात्र भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच करावा लागतो. ब्रिस्टल खाडीतील भरती-ओहोटीचे अंतर जगातील सर्वांत मोठ्या अंतरांपैकी एक आहे, आणि ओहोटीच्या वेळी विस्तीर्ण दिसणारी पुळण भरतीच्या वेळी पुष्कळच आक्रसते.

शीत सीमा पुढे सरकून वारा वायव्येकडे फिरला की चित्र पालटते. रोसिलीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर दूर, इंग्लंडच्या सीमेलगत, हे-ब्लफ हा ६७७ मीटर उंचीचा वायव्याभिमुख कडा आहे. अशा वेळी तो उपयोगी पडतो. वसंत ऋतूत उच्च भाराच्या दिवसांत ईशान्येचा वारा असेल, तर तेथून अवघ्या २५ किलोमीटरांवरील, ॲबरगव्हेनी गावावर उभा असलेला ५६१ मीटर उंचीचा ब्लोरेंज सोयीचा. एवढ्या लहान प्रदेशात वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले उतार असणे, हेच या भागातील एकदिवसीय सहलींचे खरे भांडवल आहे.

अंतर्भागातील या डोंगरांवर सूर्याने तापलेल्या हवेचे स्तंभही मिळतात, आणि त्यांत घिरट्या घेत पंख ढगांच्या तळापर्यंत चढू शकतो. पण वेल्सची अटलांटिक हवा दमट असल्यामुळे हे छत अनेकदा फार खाली असते. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगांचा तळ सुमारे १२५ मीटर वर असतो, असा ढोबळ नियम आहे. ॲबरगव्हेनीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरांवर, तापमान १६ अंश व दवबिंदू ११ अंश असेल, तर ढगांचा तळ ६८५ मीटरांच्या आसपास येतो. ब्लोरेंजच्या माथ्यावर मग जेमतेम सव्वाशे मीटर मोकळी हवा उरते. तापमान २० अंशांवर गेले आणि दवबिंदू तेवढाच राहिला, तर हीच मोकळी जागा सहाशे मीटरांवर जाते. अशा उबदार दुपारी आणखी एक सावधगिरी हवी. मूळचा ईशान्य वारा क्षीण असेल, तर खाडीवरून आत शिरणारे खारे वारे त्याच्यावर मात करू शकतात, आणि सकाळी वाताभिमुख असलेला उतार तिसऱ्या प्रहरी वातविमुख होण्याचा संभव असतो.

वारा आणि कगार जुळले तरी पाय ठेवण्याचा हक्क हा प्रश्न राहतोच. हे डोंगर बहुतांशी मेंढ्यांची गायराने आहेत. मालकी एकाची, चराईचे हक्क अनेकांचे, अशी तेथील जुनी व्यवस्था आहे. इंग्लंड व वेल्ससाठी २००० मध्ये झालेल्या कायद्याने नकाशात दाखविलेल्या मोकळ्या डोंगराळ भूमीवर आणि गायरानांवर पायी हिंडण्याचा अधिकार सर्वांना मिळाला. परंतु त्या अधिकारातून जी कृत्ये वगळली आहेत, त्यांत तंबू ठोकणे यासारख्या गोष्टींबरोबर हँगग्लायडिंग व पॅराग्लायडिंग यांचाही उल्लेख आहे. म्हणजे पाठीवर पंख घेऊन माथ्यापर्यंत चालत जाणे हा हक्क, आणि तेथून उडणे ही मालकाची कृपा. ही परवानगी स्थानिक मंडळे जमीनमालक व मेंढपाळ यांच्याशी बोलून मिळवितात आणि राखतात. वसंतात मेंढ्या विण्याच्या काळात कोकरांजवळून न उडणे, कुंपणाची फाटके लावून घेणे, ठरलेल्या शेतातच उतरणे या अटींवर ती टिकते. एका परक्या पाहुण्याचा निष्काळजीपणा सर्वांसाठी डोंगर बंद करू शकतो. आग्नेय वेल्समधील हँगग्लायडिंग व पॅराग्लायडिंग मंडळाने १९९८ मध्ये ब्लोरेंज हा डोंगर कोळसा प्राधिकरणाकडून विकतच घेतला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. खाणउद्योगाच्या प्रदेशातील तो माथा आज उडणाऱ्यांच्याच मालकीचा आहे. त्यावर मेंढ्या मात्र पूर्वीप्रमाणेच चरतात.