लख्ख उजेडांतील रज्जुसर्प

अंधुक उजेडांत दोरीलाच साप समजून मनुष्य घाबरतो, हा वेदान्तांतील दृष्टान्त आपल्या घरांतून मुलांनाही ठाऊक असतो. त्यावरील उपायही ठरलेला आहे : दिवा आणावा, म्हणजे साप नाहींसा होतो. परंतु दिवा लख्ख तेवत असतांही दोरीचा साप दिसला तर? ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन युद्धनौकेच्या चरित्रांत असें एकदां घडलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

ही नौका नियंत्रित क्षेपणास्त्रें वाहणाऱ्या क्रूझर वर्गांतील होती. मिसिसिपी संस्थानांतील पास्कागूला येथें ती बांधली गेली. १९८४ च्या जानेवारींत तिला पाण्यांत सोडण्यांत आलें, व ६ जुलै १९८५ रोजीं ती आरमारांत दाखल झाली. तिची लांबी ५६७ फूट, भार साडेनऊ हजार टनांच्या घरांत, आणि चार गॅस टर्बाइनांच्या जोरावर वेग तीस नॉटहून अधिक. नांव मात्र जुनें, १७७९ सालच्या एका लढाईवरून घेतलेलें. या नांवाच्या पहिल्या नौकेनें १८३० सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली होती; दुसऱ्या एका नौकेला १९४२ सालीं सावो बेटापाशीं जलसमाधि मिळाली होती.

नव्या नौकेचें खरें वैभव म्हणजे तिच्यावरील ‘एजिस’ यंत्रणा. ग्रीक पुराणांतील झ्यूस देवाच्या ढालीचें हें नांव. या यंत्रणेचें रडार चोहोंकडे एकदम पाही, आणि शंभराहून अधिक विमानांचा व नौकांचा माग एकाच वेळीं ठेवी. एवढा मोठा दिवा तोंपर्यंत कोणत्याही आरमाराजवळ नव्हता, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९८० पासून इराण व इराक यांचें युद्ध चाललें होतें, आणि इराणच्या आखातांतून जाणाऱ्या तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते. १९८७ च्या मे महिन्यांत इराकी विमानाच्या क्षेपणास्त्रांनीं ‘स्टार्क’ या अमेरिकन नौकेवरील ३७ खलाशी मृत्युमुखीं पडले. १९८८ च्या एप्रिलांत दुसरी एक नौका सुरुंगावर आदळली. त्यानंतर ‘व्हिन्सेन्स’ला सान डिएगोहून तिकडे धाडण्यांत आलें. तिच्यावरील लोकांच्या मनांत भीतीनें आधींच घर केलें असल्यास नवल नाहीं.

३ जुलै १९८८ ची सकाळ. नौकेच्या हेलिकॉप्टरवर इराणी होड्यांतून गोळीबार झाला, म्हणून नौका त्यांच्या मागें लागली व इराणच्या हद्दींतील पाण्यांत शिरली. तोफा धडाडत होत्या. इतक्यांत, १० वाजून १७ मिनिटांनीं, बंदर अब्बासहून इराण एअरचें प्रवासी विमान दुबईकडे निघालें. अवघा अर्ध्या तासाचा हा नेहमींचा प्रवास. परंतु त्या विमानतळावरून लष्करी विमानेंही उडत असत. नौकेच्या नियंत्रणकक्षांत कोणी तें शत्रूचें एफ-१४ लढाऊ विमान असल्याचें सांगितलें. कोणी तें वेगानें खालीं उतरत असल्याचें ओरडून सांगितलें. १० वाजून २४ मिनिटांनीं दोन क्षेपणास्त्रें सुटलीं. २९० माणसें मरण पावलीं. त्यांत ६६ मुलें होतीं, आणि आपल्या देशाचे दहाजण होते.

पुढें चौकशी झाली. यंत्राच्या नोंदी तपासल्या, तेव्हां काय आढळलें? विमान एकसारखें वर चढत होतें, आणि नागरी विमानाचीच खूण देत होतें. यंत्रानें खरें तेंच सांगितलें होतें. वाचणारांनीं मात्र मनांत होतें तेंच वाचलें. रेडिओवरून इशारे दिले गेले हें खरें. परंतु त्यांतले पुष्कळसे लष्करी लहरीवर होते, आणि प्रवासी विमानाला ते ऐकूंच येणें शक्य नव्हतें. जवळच असलेल्या ‘साइड्स’ या लहान नौकेच्या कप्तानानें मात्र या विमानापासून भय नाहीं, असें ठरविलें होतें.

कप्तानास शिक्षा झाली नाहीं. उलट त्या कारकीर्दीबद्दल १९९० सालीं त्यास पदक मिळालें. इराणनें आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लावला. १९९६ सालीं तडजोड होऊन इराणी मृतांच्या कुटुंबीयांस ६ कोटि १८ लक्ष डॉलर देण्याचें अमेरिकेनें मान्य केलें. कायद्यानें जबाबदारी मात्र पत्करली नाहीं. नौका पुढेंही सतरा वर्षें सेवेंत राहिली. २९ जून २००५ रोजीं ती निवृत्त झाली, व नंतर मोडीत निघाली.

कप्तानास दोष देणें सोपें आहे. निर्णयासाठीं त्याच्या हातीं चार मिनिटेंही नव्हतीं, आणि शेंकडों खलाशांचे प्राण त्याच्यावर सोंपविलेले होते. परंतु म्हणूनच ही गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. घरांत एखाद्याविषयीं मन आधींच कलुषित झालेलें असलें, म्हणजे त्याच्या साध्या शब्दांतही आपणांस कुचेष्टा ऐकूं येते. एक सांगतो, दुसरा त्यांत भर घालतो, आणि वडीलधारीं माणसें तेवढ्यावरून निर्णय देऊन मोकळीं होतात. अशा वेळीं नवा दिवा आणून भागत नाहीं. ‘हें तूं स्वतः पाहिलेंस, कीं तुला तसें वाटलें?’ एवढें विचारणारें एक शांत माणूस घरांत असावें लागतें. त्या सकाळीं त्या नौकेवर असें माणूस हवें होतें.